काळ्या पानाचा कडक सिगार: रंग वेगळा, कडकपणा वेगळा

तापीकाठ, जळगाव

मागच्या महिन्यात भुसावळचे माझे साडू मुक्कामाला आले होते. जेवणानंतर गच्चीवर मी त्यांच्यापुढे दोन सिगार ठेवले. एक जवळजवळ काळा आणि दुसरा फिकट तांबूस. काळ्याकडे पाहून ते म्हणाले, "एवढा काळा म्हणजे फार कडक असणार. मला हा हलकाच द्या." मी त्यांना तिथेच थांबवायला हवे होते, परंतु पाहुण्याने हातात घेतलेली वस्तू परत मागणे मला बरे वाटले नाही. अर्धा सिगार होईपर्यंत त्यांच्या कपाळावर घाम फुटला, हात गार पडले आणि ते खुर्चीवरून उठून सतरंजीवर आडवे झाले. त्यांना तंबाखू लागली होती. गुळाचा खडा आणि पाणी दिल्यावर अर्ध्या तासात ते सावरले. तेवढ्या वेळात मी मात्र काळा सिगार शांतपणे ओढत होतो आणि मला काहीही झाले नव्हते.

त्या रात्रीची चूक दुसऱ्या कोणाची होऊ नये म्हणून हा धागा काढत आहे. सिगारचा जो रंग आपल्याला दिसतो तो सर्वांत बाहेरच्या एकाच पानाचा असतो. त्याला रॅपर म्हणतात. त्याच्या आत बाइंडरचे पान असते आणि त्याच्याही आत फिलरची अनेक पाने दुमडून बसवलेली असतात. कडकपणा, म्हणजे निकोटिनचा जोर, मुख्यतः या आतल्या पानांतून येतो. तंबाखूच्या झाडावर खालच्या पानांना वोलादो, मधल्यांना सेको आणि शेंड्याकडच्यांना लिगेरो असे म्हणतात. निकोटिन मुळांत तयार होऊन पानांत चढते आणि फुलोऱ्याचा शेंडा खुडला की झाडाची ताकद वरच्या पानांत उतरते. ज्यांनी कपाशीचे शेंडे खुडले आहेत त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. ऊन सर्वांत जास्त लागते ते याच पानांना. त्यामुळे लिगेरो जाड, तेलकट आणि कडक होते. ते सावकाश जळत असल्याने कारागीर ते नेमके मधोमध ठेवतो आणि भोवती लवकर जळणारी पाने लावतो, म्हणजे जळती कड सरळ पुढे सरकते. साडूंच्या सिगारमध्ये लिगेरोचा वाटा मोठा होता आणि त्यावर फिकट पान गुंडाळलेले होते, एवढीच ती गोष्ट. स्पॅनिशमध्ये लिगेरो या शब्दाचा अर्थ हलका असा होतो, याचे मला आजही आश्चर्य वाटते.

मग काळे पान काळे कशाने होते? मादुरो या स्पॅनिश शब्दाचा अर्थच पिकलेला असा आहे. पाने आधी छपराखाली टांगून हवेवर वाळवली जातात, मग थोडी ओलसर करून त्यांचे मोठे ढीग रचले जातात. ढिगाच्या पोटात उष्णता साठते, अमोनियाचा उग्र दर्प बाहेर पडतो आणि पान आंबत जाते. ढीग ठराविक उष्णतेला पोहोचला की तो मोडून बाहेरची पाने आत व आतली बाहेर अशी रचना पुन्हा केली जाते. फिकट पानापेक्षा मादुरोला हा ताप अधिक काळ आणि अधिक तीव्र दिला जातो. पातळ पान त्यात टिकत नाही, फाटते किंवा कुजते. म्हणून जाड पानाच्या जातीच लागतात. अमेरिकेतील कनेटिकट खोऱ्यातील ब्रॉडलीफ, मेक्सिकोच्या वेराक्रूझ प्रांतातील सान आंद्रेस आणि ब्राझीलच्या बाहियातील माता फिना ही त्यांतली प्रसिद्ध नावे. या लांबलेल्या आंबवणीमुळे पानाचा तुरटपणा आणि घशाला टोचणारा भाग कमी होतो. म्हणजे काळे पान बहुतेक वेळा चव मऊ करते. कडकपणा आतून येतो.

आता प्रत्यक्ष चवीकडे वळतो. गेल्या रविवारी मी पाद्रोन कंपनीच्या १९२६ मालिकेतील क्रमांक ६ हा मादुरो सिगार ओढला. होसे ओर्लांदो पाद्रोन हे क्यूबा सोडून मायामीला आलेले गृहस्थ. त्यांना एका मित्राने एक लहान हातोडी भेट दिली, सुतारकामावर त्यांनी पैसे साठवले आणि १९६४ मध्ये सिगारचा धंदा सुरू केला. मालिकेच्या नावातील १९२६ हे त्यांचे जन्मवर्ष. यातील सर्व पाने निकाराग्वाची आणि ५ वर्षे मुरवलेली असतात. लांबी पावणेपाच इंच, जाडी ५० गेज. गेज म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग, त्यामुळे ५० गेज म्हणजे सुमारे २ सेंटीमीटर. पेटीत दाबून ठेवल्यामुळे त्याला चौकोनी कडा येतात आणि बोटांत धरताना तो गोल सिगारपेक्षा स्थिर वाटतो.

पेटवण्याआधी मी तो उजेडात फिरवून पाहिला. पान तपकिरीच्या पलीकडे गेलेले, काही ठिकाणी अधिक काळे, शिरा ठळक आणि स्पर्शाला किंचित खरखरीत. नख हलके टेकवले तर तेलाचा बारीक ओलसरपणा जाणवत होता. सगळीकडे एकसारखा काळाभोर रंग असता तर मला शंका आली असती. टोक कापताना टोपीचा जेमतेम २ मिलिमीटर भाग घेतला. न पेटवता ओढून पाहिले तेव्हा मनुका आणि जुन्या सागवानी कपाटाचा वास आला.

पेटवताना ज्योत सिगारला टेकवली नाही. सिगार आडवा धरून, ज्योतीपासून बोटभर दूर ठेवून, कडा सगळीकडून सारख्या राखाडी होईपर्यंत फिरवला आणि मग पहिला झुरका घेतला. धूर छातीत घ्यायचा नसतो. तोंडात घोळवून सोडायचा असतो. पहिली १० मिनिटे सुक्या लाल मिरचीचा झणका होता, विशेषतः थोडा धूर नाकावाटे सोडला तेव्हा. त्यानंतर झणका मागे सरकला आणि चव उघडू लागली.

इथे मला मनापासून काही सांगायचे आहे. सिगारवरच्या इंग्रजी लिखाणात एस्प्रेसो, डार्क चॉकलेट, लेदर असे शब्द वारंवार येतात, आणि नवखा माणूस तेच शब्द धुरात शोधत बसतो. माझ्या जिभेवर एस्प्रेसोची आठवणच नाही; तिच्यावर आहे तो काळा मसाला. सिगारच्या मधल्या भागात मला जे सापडले ते असे: तव्यावर गडद होईपर्यंत भाजलेले सुके खोबरे, मसाला कुटताना उडणारा दगडफुलाचा मातकट वास, काळपट गूळ, आणि कळण्याच्या भाकरीचा चुलीवर करपलेला पापुद्रा. शेवटच्या तिसऱ्या भागात कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखा धुरकट कडवटपणा आला. भरीत करताना ती साल सोलतो तेव्हा बोटांना जो वास लागतो, तोच. हे शब्द माझे असल्यामुळे पुढच्या सिगारशी त्यांची तुलना मला करता येते. उसने शब्द आठवणीत टिकत नाहीत.

या सिगारचा कडकपणा भरपूर आहे. तो जिभेवर कळत नाही. साधारण अर्ध्यावर पोटात आणि मानेच्या मागे जाणवू लागतो. मी पोटभर शेवभाजी व भाकरी खाऊन बसलो होतो, मिनिटाला एकापेक्षा अधिक झुरका घेत नव्हतो, आणि शेजारी गूळ ठेवला होता. १ तास १० मिनिटे लागली. रंग, चव आणि कडकपणा या तीन गोष्टी वेगवेगळ्या नोंदवण्याची सवय लावून घ्यावी, असा माझा आग्रह आहे. आपापले अनुभव लिहावेत.


सरकीवाला, चोपडा

तापीकाठ दादा, आंबवणीचे वर्णन वाचताना मला आमच्या जिनिंगचे आवार आठवले. अवकाळी पावसात भिजलेला कापूस गंजीत आला की दोन-तीन दिवसांत गंजी आतून तापते. वरून हात लावला तर काही कळत नाही. कोपरापर्यंत हात आत घातला की चटका बसतो आणि एक आंबूस, कोंदट वास येतो. आमच्यासाठी ते नुकसान असते, कारण रुई पिवळी पडते आणि सरकी खराब होते. त्याच उष्णतेला मुद्दाम वाढू देऊन, मोजून आणि वेळेवर मोडून कोणी माल घडवत असेल, तर ते काम किती जोखमीचे असेल हे मी समजू शकतो. एक दिवस उशीर झाला की आख्खा ढीग वाया.

माझा प्रश्न असा आहे की, आपण एकसारख्या काळ्या रंगावर शंका घेतली ती का? मी मुंबईतील एका दुकानातून आणलेला एक सिगार शाईसारखा काळा होता आणि ओठांवर डाग पडले होते. चव मात्र काहीच नव्हती, नुसता कडवटपणा.


तापीकाठ, जळगाव

सरकीवाला भाऊ, मोजून वाढवलेली उष्णता हे आपण अगदी नेमके सांगितले आहे. त्यासाठी ढिगाच्या पोटात तापमापक खुपसून ठेवलेला असतो.

काळ्या रंगाला बाजारात मागणी असल्याने काही उत्पादक वेळ वाचवतात. पान वाफेवर शिजवून किंवा वरून रंग लावून काळे केले जाते. खऱ्या आंबवलेल्या पानावर शिरांजवळ आणि कडांना छटा बदलते, कारण पानाचा प्रत्येक भाग सारखा जाड नसतो. ओठांवरचा डाग हा एकटाच पुरावा धरू नये. तेलकट मादुरोचाही थोडा तपकिरी ठसा उमटतो. डाग, एकसारखा रंग आणि चवीचा अभाव या तिन्ही खुणा एकत्र आल्या तर मी तो सिगार पुन्हा घेणार नाही.


केळीबाग, रावेर

चर्चा आवडली. माझी समजूत अशी आहे की, मादुरोचा गोडवा केळीसारखाच असावा. कच्च्या केळीत पिष्ट असते. पिकवणीच्या खोलीत १६ ते १८ अंशांवर इथिलीन दिले की पिष्टाची साखर होते, आणि सालीवर काळे ठिपके येतात तेव्हा फळ सर्वांत गोड असते. मादुरो म्हणजे पिकलेला हा अर्थही त्याच्याशी जुळतो. पान जितके काळे तितकी त्यात साखर जास्त, असे म्हणता येईल का?


तापीकाठ, जळगाव

केळीबाग भाऊ, शब्द जुळतो, पण आत घडते ते निराळे. तोडणीनंतर पान टांगल्यावर पहिल्या काही दिवसांत पिष्टाची साखर होते हे खरे. परंतु हवेवर सावकाश वाळताना पान जिवंत असेपर्यंत ती साखर श्वसनात वापरून टाकते. हे वाळवणे कित्येक आठवडे चालते. सिगारच्या तयार पानात त्यामुळे साखर जवळजवळ उरतच नाही. सिगारेटची व्हर्जिनिया तंबाखू भट्टीच्या उष्ण हवेवर काही दिवसांतच वाळवतात. तिथे पान लवकर मरते, म्हणून ते पिवळेच राहते आणि साखरही पानात अडकून राहते.

मग आपल्याला गोड काय लागते? भाकरीचा पापुद्रा किंवा भाजलेला शेंगदाणा साखर न घालता गोडसर लागतो, तशातला तो प्रकार आहे. पानातील साखरेचे अवशेष आणि अमिनो द्रव्ये यांच्या संयोगातून तपकिरी, भाजक्या वासाची संयुगे तयार होतात, आणि कडवट, टोचणारी द्रव्ये कमी झाल्याने तो गंध पुढे येतो. जिभेपेक्षा नाकाचा हा गोडवा आहे. म्हणूनच थोडा धूर नाकावाटे सोडल्याशिवाय मादुरोची अर्धी चव कळत नाही. ज्या सिगारचे टोक ओठांना साखरेसारखे गोड लागते, तिथे बहुधा वरून काही गोड लावलेले असते.

याच साखरेच्या फरकातून आणखी एक महत्त्वाची गोष्ट निघते. सिगारेटचा धूर काहीसा आम्लधर्मी असतो, तर सिगारचा धूर अल्कधर्मी असतो, आणि अल्कधर्मी धुरातील निकोटिन तोंडाच्या अस्तरातून थेट रक्तात उतरते. छातीत धूर न घेताही माझ्या साडूंना तंबाखू लागली, ती यामुळे. तंबाखूला चुना लावून मळणाऱ्या माणसाला हे तत्त्व पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. चुना तेच काम करतो.


दंतवैद्य, धुळे

शेवटचा परिच्छेद आपण लिहिला नसता तर मी लिहिणारच होतो. मी रोज तोंडे पाहतो. खान्देशात जी तोंडे माझ्यासमोर उघडतात त्यांत तंबाखू, गुटखा आणि विडी यांच्या खुणा इतक्या असतात की, धुराच्या चवीवरील कोणतीही चर्चा मला तटस्थपणे वाचता येत नाही. हे मी कोणावर रागावून लिहीत नाही.

सिगारचा धूर छातीत घेत नाहीत म्हणून तो निरुपद्रवी आहे, असा समज मी सुशिक्षित लोकांकडूनही ऐकतो. तो चुकीचा आहे. धूर जिथे थांबतो तिथे त्याचा परिणाम होतो. आणि सिगारमध्ये तो जीभ, गाल, टाळू आणि घसा यांवर थांबतो. तोंडाचा, स्वरयंत्राचा आणि अन्ननलिकेचा कर्करोग सिगार ओढणाऱ्यांत अधिक आढळतो, आणि फुफ्फुसाचा धोकाही शून्य होत नाही. एका सिगारेटमध्ये १ ग्रॅमपेक्षा कमी तंबाखू असते. मोठ्या सिगारमध्ये ती ५ ग्रॅमपासून २० ग्रॅमपर्यंत असू शकते. म्हणजे काही सिगार हे अख्ख्या पाकिटाच्या बरोबरीचे असतात. गच्चीवर शेजारी बसणाऱ्याच्या नाकातही तो धूर जातोच.

जे ओढतात त्यांना एवढीच विनंती आहे की, गालाच्या आत किंवा जिभेच्या कडेला पांढरा अथवा लाल चट्टा दिसला आणि तो दोन आठवड्यांत गेला नाही, तर थांबू नये, दाखवावे. ज्यांनी आजवर ओढलेला नाही, त्यांनी हा धागा वाचून सुरुवात करू नये.


तापीकाठ, जळगाव

डॉक्टरसाहेब, आपल्या लिहिण्यातला एकही शब्द मला खोडायचा नाही. मी वर्षातून पाच-सहा सिगार ओढतो, घरात कधीही नाही, आणि मुले जवळ असताना कधीही नाही. त्याने धोका नाहीसा होतो असे मी म्हणणार नाही. आपला प्रतिसाद धाग्याच्या मध्यावर आहे तो तसाच राहावा, म्हणजे पुढे वाचणारा त्यावरूनच पुढे जाईल.


धाब्याचे घर, अमळनेर

माझा विषय साठवणीचा आहे, कारण खान्देशात चांगल्या सिगारची चव बिघडते ती बहुधा मे महिन्यात. सिगारला ६५ ते ७० टक्के आर्द्रता आणि १८ अंशांच्या आसपासचे तापमान मानवते. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी पारा ४४ अंशांना टेकतो आणि हवा इतकी कोरडी असते की सकाळी वाळत घातलेले ओले धोतर तासाभरात कडक होते. माझ्याकडे स्पॅनिश सीडर लाकडाचा ह्युमिडॉर, म्हणजे सिगार ओलसर ठेवणारी पेटी, होता. दिसायला सुंदर, पण पहिल्याच उन्हाळ्यात त्याच्या झाकणाचा सांधा उघडला आणि आतले आठ सिगार पापडासारखे झाले. एकाचे रॅपर कापताना उलगडून हातात आले. कोरडा सिगार भरभर आणि गरम जळतो. मग काळ्या पानाचा सारा मऊपणा जाऊन फक्त आतल्या पानांचा कडकपणा शिल्लक राहतो. ज्यांना मादुरो कडू लागला त्यांनी आधी तो सुकलेला नव्हता ना, हे पाहावे.

आमच्या धाब्याच्या घराच्या मातीच्या भिंती दोन हात जाड आहेत. मधल्या खोलीत तापमान दिवसभर फारसे हलत नाही, तरीही मे महिन्यात ते ३२ अंशांखाली येत नाही. म्हणून मी लाकडाचा नाद सोडला. रबरी कडेचा हवाबंद प्लास्टिकचा डबा, त्यात सीडरची एक फळी, आर्द्रता राखणारी ६५ टक्क्यांची पुडी, आणि तो डबा १८ अंशांवर लावलेल्या छोट्या कूलरच्या कपाटात, अशी व्यवस्था आहे. जाड, तेलकट पान ७० टक्क्यांवर ठेवले तर मध्येच विझते असा माझा अनुभव आहे. मादुरोला ६५ टक्केच चांगले.

आर्द्रतामापकावर विश्वास ठेवण्याआधी तो तपासून घ्यावा. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते चिखलासारखे होईल इतकेच पाणी घालावे आणि मापकासह ते हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवावे. सकाळी काटा ७५ टक्के दाखवायला हवा. माझा ६८ दाखवत होता, म्हणजे वर्षभर मी ७ टक्क्यांची चूक खरी मानत होतो.


मिरचीपथारी, नंदुरबार

अमळनेरच्या दादांनी उष्णतेचे सांगितले, त्यात एका किड्याची भर घालतो. आमच्या पथारीवरून सुकलेली मिरची गोदामात गेली की, तिला एक बारीक तांबूस भुंगेरा लागतो. मिरचीला टाचणीने टोचल्यासारखी छिद्रे पडतात आणि तळाशी पीठ साचते. सिगारला लागणारा तंबाखूचा भुंगेरा तोच आहे. मिरची, हळद, धने, तंबाखू यांतले काहीही त्याला चालते. त्याची अंडी पानात आधीपासून असू शकतात आणि २४-२५ अंशांच्या वर ऊब मिळाली की ती फुटतात. माझ्या भावाने सिगारची पेटी गोदामाच्या कार्यालयात, मिरचीच्या पोत्यांपासून दहा पावलांवर ठेवली होती. दिवाळीला पेटी उघडली तेव्हा बारा सिगारांपैकी नऊ सिगारांच्या बाजूला आरपार भोके होती, आणि ओढताना हवा तिथून निसटत होती.

नवा माल आला की मी तो दुहेरी हवाबंद पिशवीत घालून तीन दिवस डीप फ्रीजरमध्ये ठेवतो, मग एक दिवस साध्या फ्रीजमध्ये आणि त्यानंतरच बाहेर काढतो. एकदम बाहेर काढल्यास रॅपर फुगून चिरते. मसाल्याचे कपाट आणि सिगारचा डबा एका खोलीत ठेवू नये.


सरकीवाला, चोपडा

थोडे विषयाच्या कडेने. आमचे आजोबा सिगार हा शब्द वापरत नसत, ते चिरूट म्हणत. हा शब्द तमिळमधील सुरुट्टु, म्हणजे गुंडाळी, यावरून आलेला. इंग्रजांच्या काळात त्रिचनापल्लीचे चिरूट विलायतेपर्यंत जात असत. आजोबा सांगत की, चिरूट दिसायला काळा आणि ओढायलाही कडक असे. काळे म्हणजे कडक ही समजूत आपल्याकडे तिथूनच रुजली असावी, असे मला वाटते.


गिरणाकाठ, चाळीसगाव

तापीकाठ दादा, आपला धागा पहिल्या दिवसापासून वाचत होतो, पण प्रत्यक्ष करून पाहिल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते. आपण सांगितलेल्या १९२६ मालिकेत तोच क्रमांक ६ दोन रूपांत मिळतो, एक नॅचरल म्हणजे फिकट तपकिरी पानाचा आणि एक मादुरो. आतले मिश्रण एकच असल्याचे मानले जाते. रंग आणि कडकपणा वेगळे असतील, तर ते इथे कळायला हवे होते. दुबईला असलेल्या मेहुण्याकरवी दोन्ही मागवले, महिनाभर ६५ टक्क्यांवर एकाच डब्यात ठेवले आणि लागोपाठच्या दोन शनिवारी ओढले. दोन्ही वेळा जेवण तेच ठेवले: वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी. दोन्ही वेळा नऊ वाजता, घरामागच्या ओट्यावर, पाण्याशिवाय दुसरे पेय न घेता. दर १० मिनिटांनी वहीत दोन रकाने भरले. एक चवीचा, एक अंगाला काय जाणवले याचा.

चवीचा रकाना दोन्ही दिवशी पूर्ण वेगळा निघाला. फिकट पानाच्या सिगारला सुरुवातीपासून कोरड्या लाकडाचा आणि कच्च्या बदामाचा वास होता, मिरीचा झणका शेवटपर्यंत सुटला नाही आणि जीभ कोरडी पडत होती. मादुरोचा झणका १०-१२ मिनिटांत मागे गेला. त्यानंतर मी जे लिहिले आहे ते जसेच्या तसे देतो: "उन्हात वाळलेली मोहाची फुले. बट्टीची चुलीकडची बाजू. काळे तीळ." मोहाची फुले मला लहानपणी सातपुड्याच्या पायथ्याशी मामांच्या गावी वाळताना वास घेतल्यामुळे ठाऊक आहेत, पस्तीस वर्षांत तो वास मला दुसरीकडे कुठेही आला नव्हता. तो आल्यावर काही वेळ मी झुरका घ्यायचेच विसरलो आणि सिगार विझला. राख झटकून, आतला जुना धूर हलकी फुंकर मारून बाहेर काढला आणि पुन्हा पेटवला. चव बिघडली नाही.

अंगाचा रकाना मात्र दोन्ही दिवशी जवळजवळ सारखा आहे. पहिल्या शनिवारी ३० व्या मिनिटाला मी "मानेत जडपणा, उचकी एक" असे लिहिले आहे. दुसऱ्या शनिवारी तीच उचकी ४० व्या मिनिटाच्या नोंदीत आहे. मादुरो थोडा उशिरा लागला, याचे कारण मला त्याचा वेग वाटतो. तो सावकाश जळत होता आणि चवीकडे लक्ष असल्याने मी झुरकेही कमी घेतले. दोन्ही वेळा शेवटचे दीड बोट शिल्लक असताना सिगार ठेवून दिला. ठेचून विझवला नाही, कारण ठेचल्यावर येणारा आंबूस वास ओट्यावर रात्रभर राहतो. कुंडीच्या कडेवर ठेवला आणि तो आपोआप विझला.

भुसावळच्या आपल्या साडूंना माझ्या वतीने ही वही दाखवावी. ३० व्या मिनिटाची नोंद ही फिकट सिगारची आहे, एवढे त्यांना आवर्जून सांगावे.